एकांडे शिलेदार: थरारकादंबऱ्यांतल्या एकट्या नायकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पुस्तकांचे वाचक दोन प्रकारचे असतात: उघडपणे वाचणारे, आणि वर एखादं जाडजूड, प्रतिष्ठित पुस्तक ठेवून खाली हे वाचणारे. प्रश्न मात्र दोघांचेही सारखेच.

एकांडा नायक म्हणजे नक्की कोण? शूर माणूस तर सगळ्याच थरारकथांत असतो.

असतो, म्हणूनच शौर्यावरून तो ओळखता येत नाही. ज्याच्या पाठीशी कुठलंही खातं नाही, ज्याला वरून हुकूम येत नाही आणि जो अडकला तर कुमक पाठवणारं कुणी नाही, तो एकांडा. इंग्रजीत अशा माणसाला 'एकटा लांडगा' म्हणतात. मला आपला 'एकांडा शिलेदार' जास्त नेमका वाटतो. मराठा फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन यायचा. त्यातला एकांडा म्हणजे कुठल्याही पथकात न मोडणारा, एकट्याच्या हिमतीवर चाकरी करणारा स्वार. थरारकादंबरीतल्या या नायकाचाही घोडा स्वतःचा असतो. त्याचं कसब हाच तो घोडा.

या हिशेबानं १९५३ साली कादंबरीत अवतरलेला जेम्स बॉण्ड यादीतून बाद होतो. लढतो एकटा, हे खरं. पण पगार, हत्यारं, प्रवासखर्च आणि माणसं मारायचा परवानासुद्धा सरकारी. तो अतिशय देखणा बारगीर आहे.

लोकांना नेमकं आवडतं तरी काय? ताकद?

ताकद वीसेक पानं पुरते. त्यानंतर दर पानाला चार दात पाडले तरी जांभई येते.

माझ्या मते ओढ वेगळ्याच गोष्टीची असते. आपल्याला जे येतं ते आपल्या मालकीचं आहे की नोकरीच्या, ही शंका प्रत्येक काम करणाऱ्याला कधी ना कधी चाटून जाते. टेबल गेलं, पद गेलं, गळ्यातलं ओळखपत्र जमा केलं, की मागे काय उरतं? हे नायक त्या शंकेचं उत्तर असतात. नीट पाहिलं तर त्यांतले बहुतेक जण एके काळचे बारगीरच. कुठल्या तरी फौजेनं किंवा गुप्तचर खात्यानं त्यांना घडवलं. मग खातं सुटलं, पण शिकवलेलं कुणाला परत काढून घेता आलं नाही.

ली चाइल्ड यांचा जॅक रीचर हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. अमेरिकी लष्करी पोलिसांतला मेजर. शीतयुद्ध संपलं, फौज कमी करायला घेतली आणि रीचर बाहेर पडला. १९९७ सालच्या पहिल्या कादंबरीत तो भेटतो तेव्हा त्याला नोकरी नाही, पत्ता नाही, सामान नाही. आता लेखकाकडे पाहा. ली चाइल्ड हे टोपणनाव. माणूस जिम ग्रँट. ब्रिटनमधल्या एका टीव्ही कंपनीत सुमारे १८ वर्षं काम केल्यावर १९९५ मध्ये कर्मचारीकपातीत त्यांची नोकरी गेली. वय चाळीस. त्यांनी कागद-पेन्सिली आणल्या आणि लिहायला बसले. नोकरी गेलेल्या माणसानं नोकरी गेलेला नायक लिहिला, आणि जगभरच्या नोकरदारांनी तो डोक्यावर घेतला. मला यात नवल वाटत नाही.

रॉबर्ट लडलम यांच्या १९८० सालच्या कादंबरीतला जेसन बोर्न तर या कल्पनेचं टोक आहे. त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. हातांना मात्र सगळं आठवतं: हत्यार कसं खोलायचं, पाठलाग कसा ओळखायचा, कुठली भाषा कधी बोलायची. माणूस पुसला गेला, कसब शिल्लक राहिलं.

कसब दाखवणं म्हणजे मारामाऱ्या दाखवणं, असंच ना?

अजिबात नाही. माझ्या लक्षात राहिलेली पानं आठवू लागलो तर त्यांत ठोसे फारच थोडे निघतात. रीचरच्या पहिल्या कादंबरीची सुरुवातच घ्या. एका छोट्या गावातल्या उपाहारगृहात खात बसलेला असताना पोलीस त्याला पकडायला येतात. तो बोटही उचलत नाही. कोण दाराशी थांबला, कोण पुढे आला, बंदूक कशी धरली, हे जाणकाराच्या नजरेनं टिपतो आणि मनातल्या मनात त्यांच्या कामाला गुण देतो. एकही फटका न मारता माणूस किती पाण्यात आहे ते कळतं. सुतारच दुसऱ्या सुताराचा रंधा असा बघतो.

याहून मोठा पुरावा हवा असेल तर फ्रेडरिक फोर्साइथ यांची 'द डे ऑफ द जॅकल'. १९६३ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी एक परदेशी मारेकरी घेतो. आता गंमत बघा: द गॉल १९७० मध्ये आपल्या घरी, नैसर्गिक मृत्यूनं गेले आणि कादंबरी आली १९७१ मध्ये. म्हणजे कट फसणार हे पुस्तक विकत घेण्याआधीच ठाऊक. रहस्य उरलं कुठे? तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही, कारण आपण काम बघत बसतो. लहानपणीच वारलेल्या एका मुलाच्या नावावर पासपोर्ट काढणं. कारागिराकडून सुटी होणारी, लपवता येणारी बंदूक बनवून घेणं. जंगलात जाऊन नेम तपासणं. एकेक पायरी, न घाई करता. हा मारेकरी आहे, त्याच्याबद्दल कळवळा वाटावा असं लेखकानं काहीही दिलेलं नाही, तरी त्याचं काम नीट पार पडावं असं क्षणभर वाटून जातं. मग आपण दचकतो. बरं, त्याला गाठणारा पोलीस अधिकारी लबेल हाही तसाच: बुटका, साधा, घरी बायकोचं ऐकून घेणारा, आणि कामात पक्का. दोन कसबी माणसं एकमेकांना न बघता खेळतात.

नीट केलेलं काम जवळून बघायला मिळणं ही चैन आहे. आपल्यातल्या बहुतेकांच्या कामाचे तुकडे झालेले असतात. सुरुवात एकाची, शेवट दुसऱ्याचा, सही तिसऱ्याची. या कादंबऱ्यांत एकच माणूस काम उचलतो आणि तडीस नेतो.

त्यांना घरदार, बायकामुलं, मित्र का नसतात?

'एकटा जीव सदाशिव' हे काही त्यांच्या स्वभावाचं वर्णन नाही. ती लेखकाची सोय आहे. फोन करून मदत मागवता येत असेल तर कादंबरी चाळिसाव्या पानावर आटोपते. म्हणून लेखकाला आधी सगळी दारं बंद करावी लागतात: गावचे पोलीस विकले गेलेले, किंवा फार लांब, किंवा त्यांचा संशय नायकावरच. हे कथेचं नळकाम. दिसत नाही, पण गळायला लागलं की पुस्तक सोडवत नाही ते सोडवतं.

दुसरी सोय बोलण्याची. सोबतीला कुणी नसेल तर नायकाचा विचार थेट कागदावर उतरतो आणि त्याच्या डोक्यात बसायला मिळतं. तिसरी सोय मला आवडत नाही, तरी सांगतो. कुटुंब असलंच तर ते पहिल्या प्रकरणात मारलं जातं, म्हणजे सूडाला कारण मिळतं. किंवा शेवटाकडे पळवलं जातं, म्हणजे घड्याळ लावता येतं. दोन्ही युक्त्या इतक्या झिजल्या आहेत की पहिल्याच पानावर हसरी बायको आणि दुडदुडणारी मुलगी दिसली की मी त्यांच्यासाठी मनातल्या मनात हार आणून ठेवतो.

वाचकाच्या बाजूनं बघाल तर सडाफटिंग असण्यात एक निखळ सुख आहे. रीचर घडीचा टूथब्रश खिशात टाकून फिरतो. कपडे मळले की धूत बसत नाही, नवे स्वस्तातले घेतो आणि जुने टाकून देतो. कुणाला वर्षानुवर्षं असं जगायचं नसतं. पण हप्ते, दुरुस्त्या आणि नातेवाइकांचे रुसवे यांच्यामधल्या एखाद्या संध्याकाळी चारशे पानं असं जगायला कोण नाही म्हणेल?

खरा लांडगा असा एकटा राहतो का?

राहतो, पण नाइलाजानं आणि थोडे दिवस. लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा एक कुटुंबच असतं: आईबाप आणि त्यांची पिल्लं. पिल्लं मोठी झाली की जोडीदार आणि नवी हद्द शोधायला घराबाहेर पडतात. त्या मधल्या काळातला तो 'एकटा लांडगा'. मोठी शिकार एकट्याला जड जाते, परक्या हद्दीत जीव जाऊ शकतो. थोडक्यात, खरा एकटा लांडगा घर शोधत असतो आणि कादंबरीतला घर टाळत असतो.

ही परंपरा आली कुठून?

मुळं फार खोल आहेत. मध्ययुगीन युरोपच्या कथांत साहस शोधत भटकणारे सरदार आहेत. जपानचा रोनिन म्हणजे धनी नसलेला सामुराई, म्हणजे पुन्हा आपला बारगिराचा शिलेदार झालेला माणूस. अमेरिकी पश्चिमेच्या कथांत हाच माणूस घोड्यावरून गावात येतो, गावाची घाण साफ करतो आणि निघून जातो. डॅशिएल हॅमेट यांनी १९२९ मध्ये त्याला शहरात आणलं. त्यांचा निवेदक एका गुप्तहेर कंपनीचा नोकर, त्याला नावही दिलेलं नाही, आणि भ्रष्ट गावातल्या टोळ्यांना तो एकमेकांत झुंजवून संपवतो. हॅमेट यांनी स्वतः पिंकर्टन कंपनीत गुप्तहेराचं काम केलं होतं, ते त्या रुक्ष भाषेत दिसतं. पाठलागाची कथा त्याआधीची: जॉन बकन यांचा रिचर्ड हॅने १९१५ मध्ये पोलीस आणि हेर दोघांनाही चुकवत स्कॉटलंडच्या माळरानांवरून पळतो.

पण मला थांबायचंय ते जेफ्री हाउसहोल्ड यांच्या १९३९ सालच्या 'रोग मेल'पाशी. नावातला 'रोग' म्हणजे कळपातून फुटलेलं, एकटं, धोकादायक जनावर. एक इंग्रज शिकारी युरोपातल्या एका हुकूमशहावर दुर्बिणीच्या बंदुकीतून नेम धरतो आणि पकडला जातो. हुकूमशहाचं नाव सांगितलेलं नाही. १९३९ मध्ये ते सांगायची गरजही नव्हती. शिकाऱ्याचंही नाव नाही. छळ सोसून तो निसटतो, इंग्लंडात परततो, पण पाठलाग तिथंही येतो. शेवटी डॉर्सेट परगण्यातल्या एका खोल, झुडपांनी झाकलेल्या वाटेच्या कडेला तो बीळ खणतो आणि जनावरासारखा त्यात राहतो. सोबतीला एक रानटी मांजर. मी फक्त खेळ म्हणून नेम धरला होता, असं तो आपल्याला आणि स्वतःला सांगत राहतो. ते खरं नसतं. खरं कारण त्या बिळात बसल्याबसल्या हळूहळू बाहेर येतं, आणि ते आल्यावर आधीची सगळी पानं वेगळी दिसायला लागतात. एकटेपण ही इथे ऐट नाही. तिथे ओल आहे, दुर्गंधी आहे, भीती आहे. पुढच्या कित्येक ऐटबाज नायकांपेक्षा हा बिळातला माणूस मला जवळचा वाटतो.

नायक इतका तयारीचा असेल तर धाकधूक कसली? तो जिंकणारच.

हा प्रश्न रास्त आहे, आणि फसलेल्या कादंबऱ्या इथेच फसतात. जमलेल्या कादंबऱ्या काय करतात? त्या नायकाच्या हातातलं काही कमी करत नाहीत, त्याच्या माहितीतलं कमी करतात. हात पक्के, पण चुकीच्या दरवाजावर लावलेले. रीचर सहा फूट पाच इंच उंच, वजन अडीचशे पौंडांच्या घरात. घड्याळाशिवाय वेळ सांगतो. अशा माणसाला घाबरवायचं कसं? त्याच्याशेजारी असा एक माणूस उभा करायचा ज्याला यातलं काहीच येत नाही. मग आपला जीव नायकासाठी टांगणीला लागत नाही, त्या दुसऱ्यासाठी लागतो. नायक वाचणार हे ठरलेलंच आहे. बाकी कुणाबद्दल लेखकानं शब्द दिलेला नाही.

आणखी एक गोष्ट गतीची. नवखा लेखक मारामारी घाईत उरकतो. कसलेला लेखक नेमकं तिथेच थांबतो: दोन पावलं, पायाखालची वाळू, समोरच्याच्या खांद्याची हालचाल, कोण आधी हलेल. तीन सेकंदांची गोष्ट तीन पानं. आणि दोनशे मैलांचा प्रवास एका ओळीत.

हे नायक कधी बदलत का नाहीत?

कारण बदलणं हे त्यांचं काम नाही. तो येतो तेव्हा गाव एका तऱ्हेचं असतं, जातो तेव्हा दुसऱ्या. जॅक शेफर यांच्या १९४९ सालच्या 'शेन'मध्ये तर गोष्ट सांगणारा एका शेतकऱ्याचा मुलगा आहे. आलेला बंदूकबाज जसा आला तसा जातो. मोठा होतो तो मुलगा.

जॉन डी. मॅकडोनाल्ड यांचा ट्रॅव्हिस मॅगी हा मात्र थोडा झिजतो, आणि मला तो त्यासाठीच आवडतो. फ्लोरिडात पत्त्यांच्या डावात जिंकलेल्या बोटीवर राहतो, लोकांचं लुबाडलेलं धन परत मिळवून देतो आणि त्यातलं निम्मं स्वतः ठेवतो. १९६४ पासून एकवीस कादंबऱ्या. पैसे संपले की काम, असले की आराम. म्हातारपणाची सुट्टी तो तरुणपणीच हप्त्याहप्त्यानं उपभोगतो. त्याच्या शेजारच्या बोटीवर मेयर नावाचा अर्थतज्ज्ञ मित्र आहे. म्हणजे एकांड्यालाही गप्पा मारायला कुणीतरी लागतंच.

कायदा हातात घेणाऱ्यांना डोक्यावर घेणं धोक्याचं नाही का?

आहे. या कादंबऱ्यांत लेखक एक हमी गुपचूप देऊन ठेवतो: नायकाचा अंदाज चुकणार नाही. ज्याला तो मारेल तो खरोखरच गुन्हेगार निघेल. खऱ्या जगात ही हमी कुणालाही मिळत नाही, आणि साक्षीपुरावे, वकील, अपील हा सगळा कंटाळवाणा पसारा त्यासाठीच तर आहे. वाचताना ही हमी मान्य करावी, पुस्तक मिटताना ती आतच ठेवावी.

काही लेखक ती हमी काढूनही घेतात. डेव्हिड मॉरेल यांच्या १९७२ सालच्या 'फर्स्ट ब्लड'मधला रॅम्बो हा व्हिएतनामहून परतलेला सैनिक. एका गावचा पोलीसप्रमुख त्याला नुसता भटक्या समजून हुसकून लावतो आणि प्रकरण चिघळत जातं. पोलीसप्रमुखही सैनिकी पार्श्वभूमीचा, त्यालाही स्वतःची बाजू आहे. रॅम्बोच्या हातून माणसांमागून माणसं मरतात आणि कादंबरीच्या शेवटी तो स्वतःही मरतो. १९८२ च्या चित्रपटात त्याला जिवंत ठेवलं गेलं, पुढचे भाग निघाले, आणि लोकांच्या डोक्यात छातीवर काडतुसांचा पट्टा मिरवणारा रॅम्बो बसला. कसब दिलं, वापरून घेतलं आणि मग त्या माणसाला रस्त्यावर सोडलं तर काय होतं, हा मूळ कादंबरीतला प्रश्न त्या पट्ट्यामागे झाकला गेला.

नायिका कमी का?

आहेत, पण उशिरा आल्या. सारा पॅरेट्स्की यांची खासगी गुप्तहेर व्ही. आय. वॉरशॉस्की १९८२ मध्ये आली. स्टीग लार्सन यांची लिस्बेथ सलांदर २००५ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. मला खटकतं ते वेगळंच. पुरुष नायक एकटा असेल तर 'तसाच आहे तो' एवढ्यावर भागतं. बाई एकटी असेल तर लेखक लगेच कारण पुरवायला धावतो: अत्याचार, फसवणूक, मेलेलं मूल. कुठलीही जखम नसताना, निव्वळ आवड म्हणून एकटी भटकणारी आणि कामात पक्की असलेली नायिका मला अजून मनासारखी भेटायची आहे.

पडद्यावर हे नायक फिके का वाटतात?

कारण पडद्यावर हात दिसतात, डोकं दिसत नाही. २०१२ च्या चित्रपटात टॉम क्रूझ रीचर झाला तेव्हा वाचकांनी उंचीवरून गहजब केला; २०२२ च्या मालिकेत धिप्पाड ॲलन रिचसन आला आणि ती तक्रार मिटली. पण वाळूत पाय कसा रोवायचा याचा विचार, तो कुठल्याच उंचीच्या नटाला दाखवता येत नाही.

मला अशी कादंबरी लिहायची आहे. कुठे घसरेन?

बहुधा बंदुकांच्या सूचीपत्रावर. हत्याराचं नाव, नंबर, बनावट असं अर्धं पान भरलं की लेखकाचा अभ्यास दिसतो, नायकाचं कसब दिसत नाही. एकच वस्तू घ्या आणि ती वापरताना हात काय करतो ते लिहा. त्याला काही गोष्टी येऊ देऊ नका. रीचरला गाडी चालवणं फारसं जमत नाही, तो बसनं किंवा कुणाच्या तरी गाडीतून लिफ्ट मागून जातो; त्या एका उणिवेमुळे त्याला माणसं भेटतात आणि गोष्टी घडतात.

कुठून सुरुवात करू? क्रमानंच वाचावं लागतं का?

रीचर कुठूनही उचला. प्रत्येक गाव नवं, प्रत्येक भानगड नवी. मॅगी शक्यतो क्रमानं, त्याचं झिजणं चुकवू नका. बोर्नचा पहिलाच भाग आधी, नाहीतर नाव विसरलेल्या माणसाचं नाव तुम्हाला आधीच माहीत असेल. आणि 'रोग मेल' एका बैठकीत, शक्यतो पावसाळी दिवशी. त्यातल्या मांजराकडे लक्ष ठेवा.